इन्शिराहबाई आणि शेवयांचा भात

रशीद गावात इन्शिराहबाईंना लोक दोन गोष्टींमुळे ओळखतात. एक, त्यांनी मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं गृहविज्ञान शिकवलं. गावातल्या निम्म्या बायकांना केक कसा फुगवायचा हे त्यांनीच शिकवलेलं आहे. आणि दोन, त्याच केकचा एक तुकडा जरी पोटात गेला तरी त्या तीन दिवस अंथरूण धरतात. गाव म्हणतं, नजर लागली बिचारीला. गावाला काय, कुठल्याही दुखण्याला त्याच्याकडे दोनच नावं आहेत: नजर, नाहीतर कोलन.

कोलनचं तर विचारूच नका. कोलन म्हणजे मोठं आतडं जगात सगळ्यांनाच असतं, पण आमच्या इजिप्तमध्ये तो आजार म्हणून असतो. साहेबाला कोलन, शिपायाला कोलन, नवऱ्याला कोलन, आणि नवऱ्यामुळे बायकोला कोलन. बाईंनाही नऊ वर्षं कोलनच होता. वजन उतरलं, केस गेले, तोंडात फोड आले, जिना चढताना धाप लागू लागली. जावांनी धूप फिरवला, नणंदेने काळ्या जिऱ्याचा काढा पाजला. शेवटी अलेक्झांड्रियातल्या एका तरुण डॉक्टरणीने रक्त तपासलं, नळी घालून आतडं पाहिलं आणि सांगितलं, "गव्हातलं ग्लूटेन तुम्हाला सोसत नाही. गहू बंद. जन्मभर. कणभरसुद्धा नको."

"मग खायचं काय?" बाईंनी विचारलं.

"बाकी सगळं," डॉक्टरीण म्हणाली.

बाकी सगळं! जिथे रोटीसाठी सरकार कार्डं वाटतं, जिथे रस्त्यात पडलेला रोटीचा तुकडा उचलून, ओठांना लावून, कोणाचा पाय लागू नये म्हणून भिंतीवर ठेवतात, तिथे 'बाकी सगळं' म्हणजे नक्की किती उरतं, हे त्या पोरीला कॉलेजात कोणी शिकवलं नसावं.

तिने आणखीही एक गोष्ट सांगितली होती. हे दुखणं रक्तातून उतरतं, मुलाचंही रक्त तपासून घ्या. बाईंना मुलगा एकच, इहाब. कैरोत विमा कंपनीत नोकरीला, वय एकोणतीस, अंगावर शर्ट असा की खुंटीला टांगल्यासारखा. तोंडात फोड त्यालाही. जेवून उठला की पोट धरून बसणं त्यालाही. गेली आठ वर्षं बाई त्याला सांगताहेत, बाळा, एकदा तपास. आणि आठ वर्षं बाळाचं उत्तर ठरलेलं, "आई, मला कोलन आहे. सगळ्यांनाच असतो."

आणि आता या बाळाचं लग्न ठरत होतं. मुलगी त्याच्याच ऑफिसातली, नेरमीन नावाची, शेजारच्याच टेबलावर बसणारी. शुक्रवारी मुलीच्या घरी जेवण आणि जेवणानंतर कुराणातली फातिहा वाचून बोलणी पक्की. खरं तर आधी फातिहा आणि मग जेवण अशी रीत, पण मुलीच्या वडिलांना रिकाम्या पोटी काही पक्कं होतं यावर विश्वास नव्हता. इहाबला बाप नाही, मामाने ऐन वेळी गुडघ्याचं निमित्त काढलं. तेव्हा मुलाकडचं सगळं वऱ्हाड म्हणजे एकट्या इन्शिराहबाई.

"आई, तिथे आजाराबद्दल चकार शब्द काढू नकोस," इहाबने फोनवर बजावलं. "घराण्यात दुखणं आहे म्हटलं की मुलगी देतील का कोणी? नवऱ्याच्या आईने ताटाला हात लावला नाही, तर मुलगी पसंत नाही असा अर्थ होतो, हेही तुला सांगायला नको."

"म्हणजे बोलायचं नाही आणि खायचं. वा रे वा."

"एका दिवसाने काय होतंय?"

"तीन दिवस होतंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी बाई मायक्रोबसमध्ये बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत फडक्यात गुंडाळलेल्या दहा तांदळाच्या भाकऱ्या, दोन दिवसांची बेगमी. आता आमच्या गावात नावाड्याचं आमंत्रण म्हणून एक प्रकार आहे. नावाडी भर नदीतून काठावरच्या माणसाला ओरडतो, "या हो जेवायला!" काठावरचा काही पोहत येणार नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक. काठावरचाही उलट ओरडतो, "होऊ द्या, होऊ द्या, बरकत येवो!" दोघांचाही मान राहतो आणि जेवण नावेतच राहतं. इतकी सुंदर पद्धत, पण ती नदीवरची. वाटेत तंता शहराजवळ मायक्रोबस बंद पडली, अडीच तास हलेना, बाईंच्या पोटात कावळे ओरडायला लागले. त्यांनी फडकं सोडलं आणि जिभेच्या सवयीने म्हणाल्या, "या, घ्या ना."

शेजारच्या बाईने "बिस्मिल्लाह" म्हटलं आणि घेतली!

"अगं बाई, तांदळाची होय! किती हलकी!" असं तिने मागच्या रांगेला सांगितलं. मागच्या रांगेने त्याच्या मागच्या रांगेला सांगितलं. आता एकीला दिल्यावर दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? शेवटची ड्रायव्हरला गेली, कारण तो गाडीखालून काळाठिक्कर होऊन बाहेर आला होता आणि त्याला नाही म्हटलं असतं तर बस तिथेच राहिली असती. बाईंच्या वाट्याला अर्धी आली, तीसुद्धा शेजारणीने "तुम्हीही घ्या की हो, लाजता काय" असा आग्रह केला म्हणून.

कैरोत उतरल्या तेव्हा दुपार झाली होती. इहाबच्या खोलीवर गॅसचं सिलिंडर दोन महिन्यांपासून रिकामं. फ्रिजमध्ये टोस्टचं अर्धं पाकीट, चीज, आणि कोलनच्या गोळ्या तीन रंगांच्या. बाईंनी फ्रिज बंद केला आणि पदर... छे, डोक्यावरचा रुमाल नीट करून म्हणाल्या, "चल. एवढं मोठं शहर आहे. एका बाईला जेवायला मिळू नये?"

कोपऱ्यावर उसळीची गाडी होती. तांब्याच्या रांजणात बाकल्याचे, म्हणजे मोठ्या वालासारखे, दाणे मऊ शिजलेले, वर जिरं आणि तेल. वास असा की बाईंचा जीव त्यात अडकला.

"एक वाटी दे बाबा. रोटीशिवाय."

"रोटीशिवाय?" गाडीवाला थबकला. "मग काय, बोटांनी खाणार मावशी?"

"चमच्याने खाईन. त्यात गहू नाही ना घातलेला?"

"थोडासा. दाट होते त्याने. पण अल्लाची शपथ, गहू एकदम शुद्ध!"

पुढच्या दुकानात हिरवे वडे कढईत फुगत होते. बाकल्याचे, कोथिंबिरीचे, यात गव्हाचं काय काम? तरीही बाईंनी विचारलंच. वडेवाल्याला ते भलतंच लागलं. छातीवर हात आपटून तो म्हणाला, "यात पिठाचा कण असेल तर माझ्या बायकोला तलाक!" आणि एवढं बोलून त्याने पुढचा घाणा थापायला बाजूच्या डब्यात हात घातला. तो हात पांढरा होऊन बाहेर आला. त्या बिचाऱ्या बाईचा संसार मोडला, आणि ती घरी निवांत भांडी घासत असेल. "हे काय?" बाईंनी विचारलं. "हे? हे पीठ थोडंच आहे," तो म्हणाला, "हे नुसतं हाताला चिकटू नये म्हणून."

इहाब शरमेने रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला होता, जणू ही बाई त्याची कोणी नव्हेच. मग मोबाइलवर शोधून तो आईला नदीपलीकडे जमालेकमध्ये एका दुकानात घेऊन गेला. काय दुकान! काचा, झाडं, थंडगार हवा, आणि काउंटरवर एक मुलगी, जी बाईंकडे बघून असं हसली की जणू बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच अन्न पाहिलंय. होतं, सगळं होतं: इटलीचा पाव, जर्मनीचं बिस्किट, आणि एक छोटा केक, 'ग्लूटेन नाही' असं लिहिलेला. पावाची किंमत ऐकून बाईंनी विचारलं की यात मटण आहे का.

"केक चाखून बघा ना टांट," मुलगी म्हणाली, तिथे मावशीला फ्रेंचमध्ये टांट म्हणतात, आणि शेजारचा साधा केक ज्या सुरीने कापला होता, तीच सुरी तिने या केकात खुपसली.

"पोरी, सुरी धुतली असतीस तर..."

"अहो, तिला गव्हाचं पातं नाहीये, स्टीलचं आहे!" मुलगी खळखळून हसली. बाईंनी हात टेकले. वर्गात असती तर ओट्यापाशी कोपऱ्यात उभी केली असती.

शेवटी पुलाजवळ रताळ्याची गाडी दिसली. लाकडावर भाजलेली रताळी, कागदात गुंडाळून दिलेली, ज्यात कोणी काही घालत नाही कारण घालायची कोणाला अक्कल सुचलेली नाही. बाईंनी दोन घेतली आणि कठड्याला टेकून खाल्ली. इहाब मात्र पुलाजवळच्या एका वडेवाल्याकडून रोटीत घातलेले वडे घेऊन आला होता. त्याने ते उभ्याउभ्या संपवले. पाच मिनिटांत त्याचा चेहरा उतरला, "आलोच," म्हणाला आणि समोरच्या मशिदीच्या शौचालयाकडे जवळजवळ पळतच गेला. वीस मिनिटांनी आला तेव्हा ओठ पांढरे होते.

बाईंच्या हातातलं रताळं तसंच राहिलं. चीड आली, आणि चिडीखाली भीती होती. अगदी असाच चेहरा त्यांनी नऊ वर्षं आरशात पाहिला होता.

"इहाब."

"कोलन."

"उद्या सकाळी रक्त दे. मग जेवायला जाऊ."

"उद्या माझी फातिहा आहे आई! उद्याच तुला आठवलं?"

"आठ वर्षं रोज आठवतंय."

"मी तपासलं आणि तेच निघालं, तर मग काय सांगू त्यांना? नवरदेव रोटी खात नाही? लग्नात पंगतीला रताळी वाढा?" त्याचा आवाज फुटला. "मला ती हवी आहे गं. लग्न होऊ दे, मग तू म्हणशील ते करतो."

बाईंना मुलाचा राग आला, आणि कीवही आली. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलींना शिस्त लावली, घरचा एक पोरगा ऐकत नव्हता. "बोलणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण खाणारही नाही. बाकी तुझं तू बघ."

शुक्रवारी नमाजानंतर कैरोतल्या अब्बासिया भागात चौथ्या मजल्यावर दार उघडलं आणि नेरमीनची आई, मदाम सौसन, बाईंच्या गळ्यातच पडल्या. मागे वडील वगदीसाहेब, पोट आणि हसू दोन्ही पुढे. सोनेरी कडांच्या खुर्च्या, त्यावर प्लास्टिक. नेरमीनने बाईंच्या गालाचे मुके घेतले. साधी, नाकावर चष्मा, कमी बोलणारी. बाईंना ती पाहताक्षणी आवडली, आणि आवडली म्हणूनच काळजी वाटली.

कारण टेबल समोर होतं. तीन दिवस खपून मांडलेलं टेबल, आणि त्यावर गहू नाना वेष घेऊन बसलेला. सूपमध्ये गव्हाचे पाखराच्या जिभेएवढे दाणे. मधे खिमा भरलेल्या पातळ रोट्यांची परात. ओव्हनमधली मॅकरोनी, तिच्यावर मैद्याचा सॉस. कबुतरं दिसली तेव्हा बाईंना हुरूप आला, निदान पाखराला तरी काही करता आलं नसेल, तर सौसनबाई अभिमानाने म्हणाल्या, "यांच्या पोटात हिरवा गहू भरलाय, खास तुमच्यासाठी." आणि भात होता. पण आमच्याकडे भात नुसता कुठे करतात? तुपात शेवया तांबूस परतायच्या आणि त्यांच्यातच तांदूळ शिजवायचा. बिनशेवयांचा भात दवाखान्यात देतात.

उरल्या तांदूळ भरलेल्या द्राक्षाच्या पानांच्या वळ्या. बाईंनी त्या घेतल्या. एक, दोन, सात, अकरा. आपला हात दुसरीकडे वळत नाही हे कोणाला दिसू नये म्हणून भरभर घेतल्या, त्यामुळे ते सगळ्यांनाच दिसलं.

"अहो, कबुतर घेतलंच नाहीत," सौसनबाई म्हणाल्या.

"घेते, घेते. वळ्या काय सुंदर झाल्यात!"

"परातीतलंही नाही. सूप गार झालं." सौसनबाईंचं हसू हळूहळू आवळलं. "आमच्या हाताला चव नाही, की... आमचं काही चुकलं?"

वगदीसाहेबांनी चमचा ठेवला. नेरमीनने मान खाली घातली. याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळत होता: मुलाच्या आईला मुलगी पसंत नाही. इहाब डोळ्यांनी आईला विनवत होता, खा, खा. आणि मग सौसनबाई उठल्या. परातीतला एक तुकडा स्वतःच्या बोटांनी मोडला आणि बाईंच्या तोंडाजवळ नेला. "माझ्या हातून एक घास. नेरमीनच्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला."

घास ओठांपासून दोन बोटांवर होता. बाईंनी मुलाकडे पाहिलं. त्याच्याही ताटात तोच तुकडा होता, अर्धा खाल्लेला, आणि त्याचा डावा हात टेबलाखाली पोटावर होता. सौसनबाईंचा हात बाईंनी दोन्ही हातांत धरला.

"मला गहू चालत नाही हो. आजार आहे. तुमच्या हाताला दोष नाही, मुलगी पसंत आहे, माझ्या डोळ्यांवर. पण हा घास खाल्ला तर मी तीन दिवस उठणार नाही."

इहाबने डोळे मिटले.

आणि मग काय झालं? आकाश कोसळलं? छे. वगदीसाहेब खुर्चीत रेलले आणि म्हणाले, "हात्तिच्या! कोलन!"

"कोलन नव्हे, हे..."

"अहो, माझा कोलन बघा! वांगं खाल्लं की संपलो. बडीशेप उकळून प्या." सौसनबाईंना तर इतकं हलकं वाटलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मुलगी पसंत होती, मग आजार कोण विचारतो? त्यांनी तत्परतेने रोटीची टोपली उचलून कपाटावर ठेवली. "घ्या! गहू गेला! आता भात खा पोटभर," आणि शेवयांच्या भाताचा डोंगर बाईंच्या ताटात आला.

"यात शेवया आहेत."

"शेवया! शेवया म्हणजे का रोटी?"

लपवायचं म्हणून एवढं जिवाचं पाणी केलं, आणि ज्यांच्यापासून लपवलं ते मानायलाच तयार नाहीत! बाईंना हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात नेरमीनने त्यांचं ताट स्वतःकडे ओढलं, चष्मा वर सरकवला आणि काट्याने भातातली एकेक शेवई वेचायला लागली. कोणाशी काही न बोलता, एकेक.

आजवर सख्ख्या माणसांनी धूप दिला, काढा दिला, पण असं ताट कोणी ओढून घेतलं नव्हतं. तरी खोटं त्यांना बोलवेना. "पोरी, उपयोग नाही. एकत्र शिजलंय. एक कण पुरतो."

काटा थांबला. "कणभरही?"

"कणभरही."

"मग काय काय होतं?"

बाईंनी सांगितलं. धाप, फोड, वजन, जेवल्यावर पोट धरून पळणं. सांगताना त्यांनी मुलाकडे बघायचं टाळलं. नेरमीनने टाळलं नाही. ती सरळ इहाबकडे बघत होती. रोज दुपारी डबा खाऊन झाल्यावर शेजारच्या टेबलावरून जशी बघत असेल तशी.

"हे आईकडून मुलाला येतं का?" तिने विचारलं.

सौसनबाईंचा हात हवेतच राहिला. वगदीसाहेबांना बडीशेप आठवेना. इहाबच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. 'बोलणार नाही' असा शब्द बाईंनी पुलावर दिला होता. अर्धा मघाशीच मोडला होता, आता पुरता मोडताना त्यांना वाटलं, गेली ही मुलगी हातची, आणि माझ्याच तोंडाने गेली.

"येऊ शकतं," त्या म्हणाल्या.

नेरमीन उठली आणि आत गेली. "ती रडत असेल, मी बघते," असं म्हणत सौसनबाई अर्धवट उठल्या, तर आतून नळाचा आवाज आला, मग पातेलं ओट्यावर आपटल्याचा, मग गॅस पेटल्याचा. त्या परत बसल्या. वीस मिनिटं ते सगळे भरल्या टेबलापुढे तसेच बसून राहिले. कबुतरं गार झाली, सॉसवर साय धरली, वगदीसाहेबांसारख्या माणसाने एक घास घेतला नाही.

नेरमीन बाहेर आली तेव्हा तिच्या चष्म्यावर वाफ होती आणि हातात दोन ताटल्या होत्या. दोन्हीत पांढरा भात. एक तिने बाईंपुढे ठेवली. मग इहाबच्या पुढचं ताट, अर्ध्या खाल्लेल्या तुकड्यासकट, उचललं आणि दुसरी त्याच्यापुढे ठेवली.

"नेरमीन, मला कोलन आहे," इहाब म्हणाला. "सगळ्यांनाच अस..."

"उद्या नऊ वाजता लॅब उघडते. मी येते बरोबर," ती म्हणाली. "बाबा, फातिहा जेवणानंतर म्हणाला होतात ना? मग जेवू दे त्यांना."

इहाबने चमचा उचलला. आठ वर्षं आई घसा कोरडा करत होती, आणि हिला दोन वाक्यं पुरली. बाईंना आनंद झाला, आणि खोटं कशाला सांगा, थोडं लागलंही. मुलगा मान खाली घालून खात होता, डोळे पुसत होता आणि परत खात होता. बाईंनी पहिला घास घेतला. भात खाली लागला होता, वर कच्चा होता, आणि मीठ घालायचं पोरगी साफ विसरली होती.

ताटली रिकामी झाल्यावर बाईंनी ती सगळ्यांना दिसेल अशी पुढे केली आणि म्हणाल्या, "सूनबाई, आणखी वाढ."